तळव्यावरचा बॉल

अकरा वर्षं मी त्या माणसासमोर उकिडवी बसले. सॉफ्टबॉलमध्ये कॅचर नावाचा प्राणी बॅटरच्या मागे असाच बसतो. समोरून पिचर खालून हात फिरवून बॉल फेकतो, बॅटरला तो हुकला की कॅचरने झेलायचा. आमचे पिचर म्हणजे सर. दर शनिवारी दुपारी चारला बिशानच्या मैदानावर, छातीवर पॅड, तोंडावर मास्क आणि डोक्यावर सिंगापूरचं ऊन घेऊन मी या माणसाचे बॉल झेलले. बोटं सुजवून घेतली, गुडघ्यांची वाट लावून घेतली. आणि गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी सगळ्या टीमसमोर कागदावरून वाचून दाखवलं, "कॅचर, जुनी. भांडारात ठेवावी."

भांडारात! मी काय पंप आहे?

सर कुठल्या शाळेत सर नव्हते. ते बोटीवरचे इंजिनियर. मूळचे अमरावतीचे, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेले. मग वीस-पंचवीस वर्षं बोटींवर काढली आणि पुढे सिंगापूर बंदरात येणाऱ्या बोटींची इंजिनं तपासायच्या कामाला लागले. पण आपल्याकडे ज्याच्या गळ्यात शिट्टी तो सर, त्यामुळे आमच्यातले पोस्टडॉक, बँकवाले, पोराबाळांचे बाप, सगळे त्यांना सरच म्हणत. टीम त्यांनीच उभी केली होती. हौशी मराठी माणसांची, बायका-पुरुष एकत्र. हरण्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं.

त्यातून माणसाला अमेरिकेतल्या बेसबॉलचं वेड. कधीकाळी त्यांची बोट तिकडच्या एका बंदरात चार महिने दुरुस्तीला अडकली होती. वेळ जाईना म्हणून ते मॅच बघायला जायला लागले आणि त्या गावच्या संघाला जन्माचे चिकटले. तो संघ काही जिंकल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. तिथली रात्रीची मॅच इथे सकाळी लागते. त्यामुळे हंगामात ते ऑफिसला उशिरा पोचत, आणि कोणी विचारलंच तर "बोट उशिरा लागली" म्हणत.

फेब्रुवारी आला की ते खवळायचे. तिकडे हंगामाआधीचा सराव सुरू होतो आणि रोज नवं पोर उगवतं. हा वीस वर्षांचा, हा पुढचा महापुरुष, हा संघाचं नशीब बदलणार. सर फोनवर ते वाचायचे आणि आमच्यावर ओरडायचे, जणू काही आम्हीच छापलं होतं.

"फेब्रुवारीत सगळेच पोट्टे देव असतात," ते म्हणायचे. पोट्टे म्हणजे पोरं, ते चिडले की वऱ्हाडी सुरू होई. "मे महिन्यात या म्हणा. मंग पाहू कोणाचं देऊळ उभं राह्यलं!"

मग ते स्वतःचा अंदाज लिहायचे. त्याला नाव होतं ‘हंगामपूर्व तपासणी अहवाल’. हाताने लिहिलेली दोन पानं, बोटीच्या इंजिनाचा अहवाल लिहितात तशीच. पहिल्या पानावर अमेरिका, दुसऱ्या पानावर आम्ही. चालू, दुरुस्तीत आणि भांडारात असे तीन भाग. बिशानला त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलांभोवती आम्हाला बसवायचे, पिशवीतून चिवडा काढायचे आणि चष्मा लावून वाचायचे. नव्यांना ते कधीच ‘चालू’मध्ये टाकत नसत. "दुसरा बेस. बोटीवर सेकंड इंजिनियर. उत्तम. परंतु वर्षातले पाचच महिने जमिनीवर." "तिसरा बेस. पोस्टडॉक, नवा. धावतो चांगला. कुठे धावायचं ते त्याचं ठरलेलं नाही." आणि माझ्याबद्दल एका वर्षी, "कॅचर. गुडघे कुरकुरतात, झीज मर्यादेत. जीभ पूर्ण क्षमतेने चालू, बंद करण्याचा व्हॉल्व्ह सापडला नाही."

मी त्या कागदाचा फोटो काढून सांगलीला भावाला पाठवला होता. राग यायचा, पण त्यात आपलं नाव ‘चालू’मध्ये आहे याचा आनंदही व्हायचा, खोटं कशाला बोलू?

पोट्ट्यांवर राग धरायला त्यांना कारणंही मिळत. एकदा नवीनच आलेला एक पोस्टडॉक चक्क प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र घेऊन आला. सॉफ्टबॉल, राज्यस्तरीय. सरांनी ते वाचलं, त्याची पाठ थोपटली, हातात ग्लोव्ह दिला. त्याने तो उजव्या हातात घातला आणि मग त्याच हाताने बॉल कसा फेकायचा या विचारात पडला. सर बघतच राहिले.

"राज्यस्तरीय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे, दहावीला खेळाचे मार्क मिळतात ना सर," तो म्हणाला. "आमच्या शाळेत सगळ्यांनाच मिळवून देत."

बास. सर त्याला काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी आम्हाला दोन तास कडक उन्हात पळवलं. आपण काय केलं म्हणून आम्हाला ही शिक्षा, ते विचारायची सोय नव्हती. मी विचारलं. तर म्हणाले, "तू महाराष्ट्रातलीच आहेस ना? मंग पळ."

असा न्याय!

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. हा माणूस खेळ बघत नसे, ऐकत असे. बॅटिंगचा सराव चालला की ते पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून. "बॅट खालून लागली." "याचं मनगट आधी फिरलं." "हा आज जेवून आला आहे." निम्म्याहून अधिक वेळा बरोबर निघायचं. बोटीवर म्हणे लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाला लावतात आणि आत काय बिघडलंय ते ऐकतात. "डोळे फसतात," ते सांगायचे. "रंग मारला की गंजकी पाईपही नवी दिसते. कान फसत नाही."

कान फसत नाही! हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते आठवायलाही नको वाटतं. कारण त्यांचा कान मी फसवत होते. दोन वर्षं.

झालं असं, की साठी उलटल्यावर त्यांचा बॉल मंदावला. एकदम नाही, हळूहळू. कोणाच्या लक्षात यायच्या आधी माझ्या लक्षात आलं, कारण झेलत मी होते. पूर्वी ग्लोव्हमध्ये बॉल आला की ‘फाट्’ असा आवाज निघायचा, आणि त्या आवाजावर सर नुसते फुलायचे. मान तिरकी करून ऐकायचे, मग पुढचा बॉल मागायचे. तो आवाज गेला. एका शनिवारी तीन-चार बॉल नुसतेच येऊन ग्लोव्हमध्ये पडले आणि मी बघितलं, सर मान तिरकी करून उभेच आहेत. वाट बघताहेत.

मला नाही बघवलं.

कॅचरला माहीत असलेली एक गोष्ट आहे. बॉल अंगठा आणि बोटांमधल्या जाळीत घेतला की हाताला लागत नाही आणि आवाजही होत नाही. तोच मुद्दाम तळव्यावर घेतला, हात थोडा पुढे मारला, की हळू बॉलसुद्धा ‘फाट्’ वाजतो. फक्त तळवा भाजून निघतो. मी तळव्यावर घ्यायला लागले. सर पुन्हा फुलले. "आज पाहा कसा सुटून राह्यला," असं टीमला सांगायला लागले. समोरच्यांनी चोपला तर मी म्हणायचे, वारा होता, तो बॅटर इथे शाळेपासून खेळतोय, त्याची बॅट महागाची आहे. सोमवारी पाया लेबारच्या ऑफिसात मी मीटिंगला बर्फाचा ग्लास हातात धरून बसायचे. लोकांना वाटायचं मला कोल्ड कॉफीची चटक लागली आहे. नवरा म्हणाला, हे काय चाललंय? मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत भाचीच्या लग्नाला मी तीन आठवडे सांगलीला गेले. परत आले तर मैदानावर माझ्या जागी एक एकोणीस वर्षांची पोरगी. आईबाप ठाण्याचे, ही इथेच वाढलेली, इथल्या शाळेच्या टीममध्ये खेळलेली. मराठीत विचारलं की मागे ‘लाह’ लावलेल्या इथल्या इंग्रजीत उत्तर देणारी. पोर गुणी होती, त्याबद्दल वाद नाही. मला वाटलं बदली म्हणून उभी केली असेल, आता मी आले, ती बसेल बाकावर. अकरा वर्षं पोट्ट्यांच्या नावाने शंख करणारा माणूस दुसरं काय करणार?

आणि मग पुढच्या शनिवारी त्या दगडी टेबलावर अहवाल. पहिल्या पानावर नेहमीसारखी अमेरिकेतल्या पोरांची धुलाई. दुसरं पान. "कॅचर, नवी. चालू. कॅचर, जुनी. भांडारात ठेवावी." चष्मा काढला, कागदाची घडी घातली. संपलं.

मी म्हटलं, "हे काय सर?"

"लिहिलं तसं," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टीममधले सगळे चिवड्यात डोकं घालून बसले.  ज्या सेकंड इंजिनियरच्या बायकोला बाळंतपणात मी डबे पोचवले, तो शेंगदाणे वेचत होता. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी उठले आणि एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून सरळ घरी आले. आठवडाभर मला झोप नाही. नोकरीत डावललं असतं तर एवढं लागलं नसतं. या देशात येऊन मी नोकरी केली, मुलं वाढवली, फ्लॅट घेतला, सगळं केलं. पण ही एक जागा होती जिथे मी कोणाची बायको नव्हते, आई नव्हते आणि कोणाची मॅनेजरही नव्हते. बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागची दोन फूट जमीन. ती मला परत हवी होती.

पुढच्या शनिवारी मी तीनलाच मैदानावर गेले. सर त्या वेळी एकटेच कुंपणावर बॉल मारत असतात हे मला माहीत होतं. पॅड, मास्क, ग्लोव्ह सगळं घालून मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कारण सांगा."

"कागदावर आहे."

"कागदावर भांडार आहे, कारण नाही. गुडघे म्हणाल तर तुमच्यापेक्षा बरे आहेत. त्या पोरीला अजून बॅटर बघून बॉल कुठे मागायचा ते कळत नाही. मी अकरा वर्षं तुमच्यासाठी..."

"माझ्यासाठी?" त्यांनी बॉल खाली टाकला. "तू गावाला गेली होतीस. त्या पोरीनं माझे बॉल झेलले. पहिला टाकला, आवाज नाही. दुसरा टाकला, आवाज नाही. मले वाटलं हिचा ग्लोव्ह नवा असन. म्हणून विचारलं. तर म्हणते, ‘नो अंकल, ग्लोव्ह ओके. बॉल स्लो, लाह.’ पहिल्या दिवशी! एकोणीस वर्षांची पोट्टी!"

मी हातातल्या ग्लोव्हकडे बघितलं.

"मंग मी तिले म्हटलं, तळव्यावर घेऊन पाह्य. घेतला तिनं. फाट्! तोच आवाज. दोन वर्षं मी माह्या बॉलचा आवाज ऐकतो असं समजत होतो, अन् तुह्या हाताचा ऐकून राह्यलो होतो!"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं मी ते!"

"मी म्हटलं होतं, मले वाईट वाटू देऊ नको म्हणून?" ते आता ओरडत होते. कुंपणापलीकडून जाणारी एक चिनी आजी थांबून बघायला लागली. "इंजिनरूममधी कोणी खोटं रीडिंग लिहिलं तर मी त्याले पुढच्या बंदरावर उतरवतो. तापमान वाढलं, वाढलं लिही! मी पाहून घेईन काय करायचं ते. पण तू ‘सगळं ठीक’ लिहून ठेवशील तर इंजिन जाईन, अन् मले समजणारही नाही कशानं गेलं. पिचरले स्वतःचा बॉल दिसत नाही. त्याले कॅचर सांगते. तेवढ्यासाठीच ते तिथं बसलेली असते!"

मलाही कमी राग नव्हता. "आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? अहो, तो फोल्डरवाला खोटा निघाला तर आम्हाला पळवलंत तुम्ही! तुमच्याशी खरं बोलायची कोणाची हिंमत आहे? माझा तळवा दोन वर्षं सुजलाय. लाटणं धरवत नाही. आणि भांडारात मी?"

त्यांनी कुंपणाकडे तोंड फिरवलं. मग खाली वाकून बॉल उचलला.

"दहा बॉल," ते म्हणाले. "जाळीत घ्यायचे. प्रत्येकाचं खरं सांगायचं. दहाही खरे सांगितले तर तुझी जागा तुले. पोरीले मी समजावतो."

मी बसले. उकिडवी.

पहिला आला. जाळीत घेतला, आवाज नाही.

"बोल."

"हळू."

दुसरा. "हळू, आणि बाहेर गेला." तिसरा. "शाळेतलं पोरही मारेल हा." चौथा. "मेलेला." हे बोलताना मला वाटलं होतं की बरं वाटेल, इतके दिवस कोंडलेलं बाहेर पडेल. नाही वाटलं. समोर सदरा घामाने चिकटलेला तो माणूस मान तिरकी करून माझं ऐकत होता, पूर्वी आवाज ऐकायचा तसा. पाचवा हळू. सहाव्याला मला रडू फुटलं, मास्कच्या आत. तरी म्हटलं, "पडला सर. पोचलाच नाही." सातवा, आठवा, नववा. एकाही बॉलला मी खोटं बोलले नाही. एकदाही नाही. ते दर वेळी नुसती मान हलवायचे आणि हात पुढे करायचे, की दे परत.

नवव्यानंतर ते थांबले. पँटला हात पुसला. दोनदा खांदा फिरवला. आणि दहावा टाकला.

तो सुटला कधी, आला कधी, मला कळलं नाही. हात जाळीपर्यंत न्यायला वेळच मिळाला नाही. तळव्यावर फाडकन बसला. फाट्! कुंपणावरचे कावळे उडाले. मनगटापर्यंत मुंग्या आल्या.

"सर!" मी मास्क काढून ओरडले. "चांगला! अहो, काय बॉल होता! पाच वर्षांत असा नाही आला!"

ते माझ्याकडे बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं.

"तळव्यावर घेतला," ते म्हणाले.

"घेतला नाही, लागला! जाळीत घ्यायला वेळच नाही मिळाला!"

"नऊ बरोबर सांगितले तू. मले वाटलं जमते आता." त्यांनी पिशवीची चेन उघडली, बॉल आत टाकला. "दहाव्याले दया आली तुले."

"नाही आली! शपथ घेऊन सांगते! हे बघा!" मी ग्लोव्ह काढून हात पुढे केला. तळवा लालभडक झाला होता.

"तेच तर," ते म्हणाले. "दोन वर्षं असाच होता ना?"

आणि पिशवी खांद्याला लावून निघाले. मी पॅड घातलेली तशीच त्यांच्यामागून बसस्टॉपपर्यंत गेले. खरं सांगतेय, खरं सांगतेय, एवढं एकच म्हणत. लोक बघत होते, बघू देत. बस आली. चढताना त्यांनी मागे न वळता हात वर केला, असू दे म्हटल्यासारखा.

त्यानंतर त्यांनी बॉल टाकला नाही. सेकंड इंजिनियरने पिचिंग केलं, त्याची बोट सुटेपर्यंत. कॅचर ती पोरगीच आहे, आणि तिचं चांगलं चाललं आहे. मे महिन्यात सर निवृत्त होऊन अमरावतीला गेले. मी फोन करते. पोरं कशी आहेत विचारतात, ऊन किती आहे सांगतात. बॉलचा विषय काढला की म्हणतात, "असू दे वं."

कसं असू दे? माझी जागा गेली, तिचं मी काय ते बघून घेईन. पण तो बॉल चांगला होता. मैदानावर आम्ही दोघंच होतो, झेलला मी, त्यामुळे माझ्याशिवाय दुसरं कोणी सांगूही शकत नाही. अख्ख्या जगात एका माणसाला तो बॉल कसा होता ते माहीत आहे, आणि ज्याने टाकला त्यालाच ते खरं वाटत नाही.